नभोवाणीचा एक दिवस : १९५५-५६ मधील मराठी ध्वनिक्षेपण आणि गोदाकाठ

१९५५-५६ साली मराठी श्रोत्याचा नभोवाणीचा दिवस तीन सभांचा होता. पहिली सभा सकाळी, शाळा-कचेऱ्यांची वेळ होईपर्यंत चाले. दुसरी दुपारच्या जेवणाच्या सुमारास भरे. तिसरी दिवेलागणीच्या आधी सुरू होऊन रात्री उशिरा संपे. मधल्या वेळात केंद्र बंद असे. काटा त्याच जागी ठेवून कितीही वाट पाहिली तरी खरखरीखेरीज काही ऐकू येत नसे. आज ही अडचण वाटेल. त्या काळी मात्र या बंद वेळांमुळेच कार्यक्रमाच्या वेळेला किंमत होती. ठरलेल्या घटकेला रेडिओजवळ जाऊन बसावे लागे, आणि एकाच घटकेला शेकडो गावांत माणसे तशी बसलेली असत.

मराठीत नियमित कार्यक्रम देणारी मुख्य केंद्रे तीन होती. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले, नागपूरचे १६ जुलै १९४८ रोजी आणि पुण्याचे २ ऑक्टोबर १९५३ रोजी. गोदाकाठचा वैजापूर तालुका मात्र या तिन्ही शहरांच्या राज्यांबाहेर होता. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्यातील औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. दक्षिणेला गोदावरी, तिच्या अलीकडच्या काठावर वांजरगाव, नागमठाण, सावखेडगंगा ही गावे. पलीकडे अहमदनगर जिल्हा. पश्चिमेला येवला, म्हणजे नाशिक जिल्हा. हे दोन्ही जिल्हे मुंबई राज्यात. दोन्हीकडची माणसे एकच भाषा बोलणारी, एकमेकांच्या घरी लेकी दिलेली, गोदावरीतल्या सरला बेटाच्या सप्ताहाला एकत्र बसणारी. पण अलीकडच्यांची कचेरी हैदराबादला आणि पलीकडच्यांची मुंबईला. सरळ रेषेत मोजले तर वैजापूरहून पुणे दोनशे किलोमीटरच्या आत, मुंबई सव्वादोनशेच्या आसपास आणि हैदराबाद पावणेपाचशेच्या पुढे. रोटेगाव स्टेशनातून जाणारा लोहमार्ग निजामाच्या राजधानीकडे जात होता, आणि कागदपत्रेही तिकडेच जात. रेडिओच्या लहरींना यातले काही माहीत नसते.

नभोवाणी या भागाला नवी नव्हती. हैदराबादेत १९३५ पासून निजाम सरकारची स्वतःची नभोवाणी होती. तिची मुख्य भाषा उर्दू. तेलुगू, मराठी आणि कन्नड या प्रजेच्या भाषांना त्यामानाने थोडी जागा. औरंगाबादलाही निजाम सरकारचे केंद्र होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानावरील भारताच्या पोलीस कारवाईचा शेवट झाला तो निजामाच्या याच नभोवाणीवरून. निजामाने युद्धबंदी रेडिओवर जाहीर केली, आणि मराठवाड्यातील अनेकांना आपण मुक्त झाल्याची बातमी छापील कागदाच्या आधी आवाजातून कळली. १ एप्रिल १९५० पासून हैदराबाद आणि औरंगाबाद ही केंद्रे ऑल इंडिया रेडिओच्या ताब्यात आली. म्हैसूर, त्रिवेंद्रम आणि बडोदा येथील संस्थानी केंद्रांचेही असेच विलीनीकरण झाले.

या साऱ्या व्यवस्थेचा साचा ब्रिटिश होता. बीबीसीचे पहिले ध्वनिक्षेपण १४ नोव्हेंबर १९२२ रोजी लंडनहून झाले आणि १ जानेवारी १९२७ पासून तिला सनदेने चालणाऱ्या महामंडळाचे रूप आले. जाहिराती नाहीत, खर्च श्रोत्यांच्या लायसन्स-फीतून, ध्वनिक्षेपणाचा हक्क एकाच संस्थेकडे, आणि लोकांचे ज्ञान व अभिरुची वाढवणे हे ब्रीद. मुंबईत १९२७ साली सुरू झालेली इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी खाजगी होती. ती तीन वर्षांत बुडाली आणि १ एप्रिल १९३० पासून सरकारने कारभार हाती घेतला. १९३५ मध्ये बीबीसीतून लायोनेल फील्डन यांना नियंत्रक म्हणून आणले गेले. ८ जून १९३६ रोजी ऑल इंडिया रेडिओ हे नाव आले. फील्डन यांनी बीबीसीची शिस्त आणली, पण मुळातला फरक राहिलाच. लंडनची संस्था सरकारपासून हातभर अंतरावर होती. दिल्लीची संस्था सरकारी खाते होती. याचे परिणाम पुढे बातम्यांपासून संगीतापर्यंत सर्वत्र दिसले.

दुसरा फरक आकड्यांचा. १९५० च्या सुमारास ब्रिटनमध्ये रेडिओचे सव्वा कोटीच्या आसपास परवाने होते, म्हणजे जवळजवळ घरटी एक. भारतात स्वातंत्र्याच्या वेळी परवान्यांची संख्या पावणेतीन लाखांच्या घरात होती. बीबीसीकडे तीन वाहिन्या होत्या: घरगुती आणि बातम्यांची होम सर्व्हिस, करमणुकीची लाइट प्रोग्रॅम आणि २९ सप्टेंबर १९४६ पासून गंभीर संगीत-साहित्याची थर्ड प्रोग्रॅम. त्यामुळे तिथला श्रोता आवडीप्रमाणे वाहिनी बदलत असे. मराठी कार्यक्रमांना एकच वाहिनी, आणि तिच्यावर कीर्तन, बाजारभाव, ख्याल, बायकांचा कार्यक्रम, मुलांची गाणी आणि पंतप्रधानांचे भाषण हे सगळे एकामागून एक बसवायचे. म्हणूनच दिवसाच्या आखणीला इथे विशेष महत्त्व आले.

ऐकणे हेही तेव्हा कष्टाचे काम होते. व्हॉल्व्हचा रेडिओ चालू केल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धा-एक मिनिट आवाज येत नसे. वीज नसलेल्या गावात, आणि त्या काळी बहुतेक गावे तशीच होती, रेडिओ सुक्या बॅटरीवर चाले. ती महाग, आणि संपली की तालुक्याला जाऊन आणावी लागे. घराच्या छपरावर दोन बांबू रोवून त्यांच्यामध्ये एरियलची तांब्याची जाळीदार पट्टी ताणलेली असे. तिच्यावरून एक तार खिडकीतून आत येई. अर्थची दुसरी तार भिंतीच्या कडेला जमिनीत पुरलेली असे आणि उन्हाळ्यात तिथे तांब्याभर पाणी ओतले की खरखर कमी होई. पोस्टातून दरवर्षी लायसन्स घ्यावे लागे. दिवसा मध्यमलहरी जमिनीलगत जातात आणि अंतराबरोबर क्षीण होतात. दीड-दोनशे किलोमीटरवरचे केंद्र दिवसा लागेलच याची शाश्वती नसते. सूर्य मावळला की वातावरणाच्या वरच्या थरांवरून त्याच लहरी परावर्तित होऊन दूरवर पोचतात, पण मग आवाज भरतीसारखा चढतो-उतरतो आणि दूरची दोन-तीन केंद्रे एकमेकांत मिसळतात. लांबच्या श्रोत्यासाठी म्हणून लघुलहरींचा उपयोग. गोदाकाठच्या श्रोत्याचा दिवस अशा रीतीने रात्रीपेक्षा वेगळा असे: सकाळी कान देऊन ऐकावे लागे, रात्री अख्खा देश काट्याखाली येई.

दिवसाची सुरुवात संकेतधुनीने होई. तंबोऱ्याच्या साथीवर व्हायोलिनची ती छोटी धून वॉल्टर कौफमान यांनी बांधली. नाझी राजवटीच्या छायेतून निसटून १९३४ मध्ये मुंबईत आलेला हा ज्यू संगीतकार १९३७ पासून मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता. धुनीचे नाते शिवरंजनी रागाशी जोडले जाते. परक्या देशात आसरा घेतलेल्या माणसाच्या चार-पाच स्वरांनी करोडो भारतीयांची सकाळ उजाडावी, हा योग विलक्षण आहे आणि त्याची आठवण फार कमी ठेवली गेली आहे. धुनीनंतर वंदे मातरम्, मग भक्तिसंगीत. बीबीसीवर १९२८ पासून रोज प्रार्थनेचा कार्यक्रम होत असे. तिथे स्टुडिओतली उपासना, इथे अभंग, भूपाळी, शहनाई. नंतर दिल्लीहून सहक्षेपित होणाऱ्या मराठी बातम्या.

वेळेचा ठोकाही याच सभेत मिळे. लंडनने ५ फेब्रुवारी १९२४ पासून ग्रीनिचच्या घड्याळाचे सहा ठोके रेडिओवर द्यायला सुरुवात केली होती. इथेही घड्याळे रेडिओवर लावली जाऊ लागली. मुंबई शहरात जुना ‘मुंबई टाइम’ प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे होता आणि तो विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रेंगाळला. सर्वत्र एकच वेळ रुजवण्यात रेल्वेनंतर रेडिओचा वाटा मोठा आहे.

सकाळच्या सभेतला सर्वांत भरलेला क्षण पुणे केंद्राने दिला. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. सकाळी पावणेनऊ वाजता ‘गीतरामायण’ या मालिकेतले पहिले गीत प्रसारित झाले. गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडक्यांचे आणि कल्पनेला पाठबळ सीताकांत लाड यांचे. दर शुक्रवारी नवे गीत आणि शनिवार-रविवारी त्याचे पुनःप्रसारण असा क्रम होता. वर्षभराची, म्हणजे बावन्न गीतांची मालिका ठरली होती; पण त्या वर्षी पंचांगात अधिक महिना आला, पुढची रामनवमी १९ एप्रिल १९५६ पर्यंत लांबली आणि गीतांची संख्या ५६ झाली. कॅलेंडर घेऊन मोजले तर पहिल्या दिवसापासून पंचावन्न शुक्रवार भरतात आणि छप्पन्नावी जागा रामनवमीच्या गुरुवारची उरते. नभोवाणीचे वेळापत्रक पंचांगापुढे असे वाकल्याची दुसरी उदाहरणे क्वचितच सापडतील.

या मालिकेची ताकद कवितेत आणि चालींत होतीच, पण तिच्या ध्वनिक्षेपणाच्या रीतीतही होती. प्रत्येक गीत रामकथेतल्या एका पात्राच्या तोंडी आहे आणि पात्र बदलले की गाणारा आवाज बदलतो. माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, गजानन वाटवे, बबनराव नावडीकर, राम फाटक, सुरेश हळदणकर असे एकापेक्षा एक गळे या वर्षात येऊन गेले. श्रोत्याला गायक दिसत नाही, म्हणून कौसल्येचा, शूर्पणखेचा किंवा हनुमंताचा आवाज त्या पात्राचाच वाटतो. रंगमंचावर ही गोष्ट इतकी सहज साधली नसती. फडक्यांनी पुढे एकट्याने गाऊन या गीतांचे असंख्य प्रयोग केले आणि आज बहुतेकांच्या कानात त्यांचाच आवाज आहे. पण मूळ रचना अनेक कंठांची होती, हे विसरता कामा नये. गीताचे शब्द वर्तमानपत्रांत छापून येत, त्यामुळे ज्याच्याकडे रेडिओ नाही त्याच्याकडे निदान गीत असे. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकायला बसत, अशा आठवणी अनेकांनी लिहिल्या आहेत. पोथी ऐकण्याची आणि सप्ताहात बसण्याची ज्यांची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची, त्यांना पावणेनऊची वेळ ही पारायणाचीच वेळ वाटली तर नवल नाही. १९५७ च्या विजयादशमीला भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने ही गीते पुस्तकरूपाने काढली.

दुपारची सभा आटोपशीर होती. स्त्रियांसाठी ‘वनिता मंडळ’, ठरलेल्या दिवशी शाळांसाठी पाठ, थोडे सुगम संगीत, बातम्या. बीबीसीने ‘वूमन्स अवर’ ऑक्टोबर १९४६ मध्ये सुरू केला आणि लहानग्यांसाठीचा ‘लिसन विथ मदर’ जानेवारी १९५० मध्ये. दोन्हीकडे गृहीत एकच होते: या वेळी घरात बाई आहे आणि तिचे हात कामात असले तरी कान मोकळे आहेत. शहरातल्या मध्यमवर्गाबाबत हे खरे होते. शेतावर निंदायला गेलेल्या बाईच्या दिवसात दुपारी कान मोकळे असण्याची सोय नव्हती आणि तिच्याजवळ रेडिओही नव्हता. या सभेची मर्यादा इथे स्पष्ट दिसते.

संध्याकाळची सभा मात्र कष्टकऱ्यांसाठी उघडे. मुंबई केंद्राची ‘कामगार सभा’ गिरणगावाच्या वेळेला धरून आखलेली होती: पाळी सुटलेली, चाळीच्या गॅलरीत माणसे टेकलेली, आणि रेडिओवर लोकगीत, पोवाडा, छोटी श्रुतिका, कामगार कायद्याची माहिती. ब्रिटनमध्ये युद्धकाळात, जून १९४० मध्ये, ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ सुरू झाले. ते कारखान्याच्या आत, यंत्रे चालू असताना लावले जाई, कारण त्यामागचा हेतू उत्पादन वाढवण्याचा होता. मुंबईचा कार्यक्रम काम संपल्यानंतरचा होता. कामगाराला काही सांगायचे असेल तर तो माणूस म्हणून बसलेला असताना सांगावे, ही मुंबईची रीत अधिक चांगली होती.

यानंतर ग्रामीण कार्यक्रम. बाजारभाव, हवामान, शेतीखात्याच्या सूचना, संवाद, लोकगीते असा त्याचा ऐवज. पुणे केंद्रावर याच काळात व्यंकटेश माडगूळकर ग्रामीण विभागात रुजू झाले. १९५५ मध्येच त्यांची ‘बनगरवाडी’ पुस्तकरूपाने आली. माणदेशाच्या बोलीचा एवढा जाणकार सरकारी सूचनापत्रकाची भाषा शेतकऱ्याच्या तोंडी आणण्याच्या कामावर बसला, हे मराठी नभोवाणीचे भाग्य. ब्रिटनमध्येही तेच घडत होते. युद्ध संपून वर्षे लोटली तरी तिथले रेशनिंग १९५४ च्या जुलैपर्यंत पूर्ण उठले नव्हते. अन्न जास्त पिकवा हे शेतकऱ्यांना सांगायचे कसे, या विवंचनेतून गॉडफ्री बेझली यांनी ‘द आर्चर्स’ ही एका शेतकरी कुटुंबाची रोजची मालिका उभी केली. १ जानेवारी १९५१ पासून ती देशभर ऐकू जाऊ लागली. खताचा सल्ला घरातल्या भांडणाच्या आणि लग्नाच्या गोष्टीत मिसळून द्यायचा, ही तिची युक्ती.

पण सांगणे एकतर्फीच राहिले. शेतकऱ्याला शंका आली तर विचारायची कोणाला? या प्रश्नाचे उत्तर शोधणारा प्रयोग १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुणे केंद्रावरून झाला, आणि तो या साऱ्या विषयाचा गाभा आहे. युनेस्को आणि ऑल इंडिया रेडिओ यांनी मुंबई राज्यातले पाच मराठी जिल्हे निवडले: पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. सुमारे दीडशे गावांत श्रोते मंडळे स्थापन झाली. मूळ कल्पना कॅनडाची. तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालत होती. कार्यक्रम एकूण वीस, प्रत्येकी अर्ध्या तासाचा, आठवड्यातून दोनदा.

मंडळाची बैठक अशी होई. पंधरा-वीस माणसे रेडिओभोवती जमत. त्यांत जमीनदार असे, छोटा शेतकरी असे, अक्षरओळख नसलेलेही असत. अर्धा तास ऐकायचे. रेडिओ बंद करायचा. मग ऐकलेल्यावर चर्चा: हे आपल्या रानात जमेल का, याला पैसा कुठून येणार, शेजारच्या गावात काय झाले. लिहिता-वाचता येणारा सचिव चर्चेचा गोषवारा आणि मंडळाचे प्रश्न लिहून पुण्याला पाठवी, आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांतल्या काही प्रश्नांना रेडिओवरून उत्तर मिळे. आपल्या गावाने विचारलेला प्रश्न पेटीतून ऐकू येतो, हे त्या माणसांनी प्रथमच अनुभवले. ऐकणाऱ्याचा आवाज केंद्रापर्यंत पोचल्याची ही मराठी नभोवाणीतली पहिली मोठी घटना होय.

प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. जगदीशचंद्र माथुर आणि पॉल न्यूराथ यांनी लिहिलेला त्याचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. पाहणीची रचना काळजीपूर्वक केलेली होती. मंडळे असलेल्या गावांबरोबर मंडळ नसलेली गावेही तपासली. त्यांतल्या काहींत रेडिओ होता, काहींत तोही नव्हता. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर त्याच विषयांवर प्रश्न विचारले. मंडळ असलेल्या गावांत लोकांचे ज्ञान लक्षणीय वाढलेले आढळले. मंडळ आणि रेडिओ दोन्ही नसलेल्या गावांत वाढ नगण्य. खरा धडा तिसऱ्या गटाने दिला: नुसता रेडिओ असलेली गावे मधे कुठेतरी होती, पण ती रेडिओ नसलेल्या गावांच्याच अधिक जवळ होती. म्हणजे पेटी चावडीवर नेऊन ठेवली, तेवढ्याने काम होत नाही. तिच्यासमोर कोण बसते, बसून झाल्यावर कोण बोलते आणि बोललेले कोण लिहून घेते, यावर सारे अवलंबून असते. बायकांचा सहभाग मात्र अगदी तोकडा राहिला. दुपारच्या सभेतली उणीव संध्याकाळीही भरून निघाली नाही.

प्रयोगाच्या पाच जिल्ह्यांपैकी दोन, अहमदनगर आणि नाशिक, वैजापूर तालुक्याला लागून होते. पुण्याहून निघालेली तीच लहर नदी ओलांडून अलीकडच्या काठावरही येत होती. अलीकडे मंडळ नव्हते, सचिव नव्हता, प्रश्न पाठवायचा पत्ता नव्हता, कारण राज्य वेगळे होते. पलीकडच्या गावात कार्यक्रमानंतर चर्चा रंगत असता अलीकडच्या गावात, रेडिओ असलाच तर, तो नुसता ऐकला जात होता. भाषावार प्रांतरचनेची मागणी मोठ्या सभांतून मांडली गेली; तिचा साधा, रोजचा अर्थ काय होता, तो या एका उदाहरणातून लख्ख कळतो. मराठवाडा मराठी राज्यात यावा, याला भावनेइतकाच अशा छोट्या-छोट्या सोयींचाही आधार होता.

रात्रीची सभा शहराची आणि जाणकारांची. बातम्या, भाषण, नभोनाट्य आणि शास्त्रीय संगीत. माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर होते. १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. देशातली सर्व केंद्रे एकाच वेळी एका गवयाची मैफल सहक्षेपित करीत. संस्थाने गेली, राजाश्रय आटला, अशा वेळी गवयांना आणि वादकांना नभोवाणीने मानधन आणि श्रोता दोन्ही दिले, हे केसकरांचे मोठे काम. त्याच केसकरांच्या धोरणाने चित्रपटगीतांना मात्र जवळजवळ दार बंद केले. हार्मोनियमवर तर त्यांच्याही आधी, १९४० पासूनच बंदी होती. परिणाम व्हायचा तोच झाला. श्रोत्यांनी काटा लघुलहरींवरच्या रेडिओ सिलोनकडे वळवला, जिथे डिसेंबर १९५२ पासून अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ दर बुधवारी रात्री आठला लागत होती. सरकारी खात्याने अभिरुची ठरवायची असे म्हटले की ती सीमेबाहेर निघून जाते. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून सरकारनेच हे मान्य केले.

रात्रीच्या लघुलहरींवर लंडनही लागे. बीबीसीचे मराठी प्रसारण १९४२ मध्ये सुरू झाले आणि मध्ये थोडा खंड पडून डिसेंबर १९५८ पर्यंत चालले. युद्धकाळात या विभागाशी जॉर्ज ऑर्वेल यांचा संबंध होता. भारतीय भाषांत द्यायची युद्धवार्तापत्रे ते इंग्रजीत लिहीत आणि त्यांची भाषांतरे होत, त्यांत मराठीही होती. त्यांच्या सहकाऱ्यांत वेणू चितळे ही मराठी तरुणी होती. तिने पुढे ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी लिहिली. लंडनवर बॉम्ब पडत असताना तिथल्या स्टुडिओत बसून मराठीत बोलणाऱ्या या बाईचे नाव मराठी नभोवाणीच्या इतिहासात ठळकपणे यायला हवे. अजून ते तसे आलेले नाही. त्याच १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलत-बदलत काँग्रेस रेडिओ चालवत होते. २७ ऑगस्टला सुरू झालेला तो गुप्त आवाज १२ नोव्हेंबरला पोलिसांनी बंद पाडला. सरकारी नभोवाणीवर जे सांगता येत नव्हते ते सांगायला दुसरा आवाज लागला, ही गोष्ट १९५५ च्या श्रोत्याच्या स्मरणात ताजी होती.

शेवटच्या बातम्यांनंतर उद्याच्या कार्यक्रमांची घोषणा होई आणि केंद्र बंद होई.

हा दिवस फार काळ टिकला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि वैजापूर व पलीकडचे कोपरगाव यांच्यामधली राज्याची हद्द पुसली गेली. १७ नोव्हेंबर १९५९ पासून श्रोते मंडळांची योजना देशभर लागू झाली. पुणे प्रयोगात प्रत्येक जिल्ह्यासाठी देखरेख करणारा माणूस होता, प्रश्नांची उत्तरे वेळेवर जात होती. विस्तार झाला तेव्हा मंडळांची संख्या वाढली, पण ही देखभाल त्या प्रमाणात वाढली नाही. अनेक ठिकाणी मंडळे कागदावर उरली. साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आला. तो चार सेलांवर चाले, त्याला एरियल लागत नसे, अर्थची तार लागत नसे, तापायला वेळ लागत नसे. रेडिओ चावडीवरून शेताच्या बांधावर, बैलगाडीत आणि चहाच्या टपरीवर गेला. शेतकऱ्याला तो स्वतःचा मिळाला, आणि रेडिओभोवती पंधरा-वीस जणांनी बसण्याचे कारण उरले नाही. १९६८ मध्ये परभणी केंद्र सुरू झाले. त्याने मराठवाड्याच्या बोलीत, मराठवाड्याच्या पिकांबद्दल आणि पावसाबद्दल बोलायला सुरुवात केली.